मराठी माध्यमात शिकताना इंग्रजी वाक्य नीट कसं बांधावं

आठवीतल्या मुलाला काळांची बारा रूपं घडाघडा म्हणता येतात, आणि तरीही ‘काल मी मामाकडे गेलो नाही’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितलं की वहीत उमटतं, ‘आय डिड नॉट वेन्ट’. मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी शिकवताना हे मला सतत दिसतं. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्याच माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला पोचेपर्यंत मूल दहा वर्षं ही भाषा शिकलेलं असतं. नियम कानावरून कितीदा तरी गेलेले असतात. अडतं ते वाक्य बांधताना.

अडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. मुलांच्या वह्या समोर ठेवून पाहिलं तर चुका वाटेल तिथे होत नाहीत. मराठी जिथे एका पद्धतीने वाक्य बांधते आणि इंग्रजी दुसऱ्या, नेमक्या तिथेच होतात. म्हणून ‘मराठी विसर, इंग्रजीतच विचार कर’ असं मुलाला सांगणं मला पटत नाही. त्याला कर्ता, कर्म, क्रियापद ओळखता येतं, विभक्ती समजते, मराठीतले काळ तर तो बोलता बोलता वापरत असतो. ही पुंजी हाताशी धरून इंग्रजीकडे जायचं आणि दोन भाषांची वाट कुठे फुटते ते त्याला स्वच्छ दाखवायचं, हाच जवळचा मार्ग आहे.

हा लेख पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ज्या आईवडलांना इंग्रजी अक्षरं भरभर वाचता येत नाहीत त्यांनाही ती मोठ्याने वाचून मुलाकडून सराव करून घेता येईल. मुलांनी मात्र वहीत ती इंग्रजी अक्षरांतच लिहायची. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. क्रियापद पक्कं होण्याआधी आर्टिकलच्या, म्हणजे अ-ॲन-दच्या, मागे लागलं की दोन्ही कच्ची राहतात.

पहिली पायरी: जागेला किंमत द्यायला शिका

‘रामाने रावणाला मारलं’ आणि ‘रावणाला रामाने मारलं’ या दोन्ही वाक्यांत मेला रावणच. मराठीत ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दाचं काम ठरवतात, त्यामुळे शब्द इकडचे तिकडे झाले तरी अर्थाला धक्का लागत नाही. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत. ‘राम किल्ड रावण’ हे बरोबर, पण ‘रावण किल्ड राम’ म्हटलं की सगळं रामायण उलटं झालं. कोण काय करतंय हे इंग्रजीत फक्त जागेवरून कळतं: आधी कर्ता, लगेच क्रियापद, मग कर्म, आणि कुठे-केव्हा-कसं हे सगळं त्यानंतर.

याचा सराव मराठीपासूनच सुरू करा. ‘आजीने काल संध्याकाळी अंगणात आम्हाला गोष्ट सांगितली.’ या वाक्याखाली पेन्सिलीने तीन खुणा करायच्या. क्रियापद कोणतं? सांगितली. सांगणारी कोण? आजी. काय सांगितलं, कोणाला? गोष्ट, आम्हाला. उरलेलं, म्हणजे काल संध्याकाळी आणि अंगणात, बाजूला ठेवायचं. मग आजी आणि सांगणं शेजारी बसवायचं: ‘ग्रँडमदर टोल्ड अस अ स्टोरी’. शेवटी उरलेलं जोडायचं: ‘इन द कोर्टयार्ड येस्टरडे ईव्हनिंग’. मराठी क्रियापद शेवटी येतं म्हणून मूल इंग्रजी वाक्य लिहितानाही क्रियापदाला शेवटपर्यंत थांबवून ठेवतं, आणि तोवर काय लिहायचं होतं ते विसरतं. क्रियापद आधी शोधायची सवय लागली की हे आपोआप थांबतं. रोज पाच वाक्यं, पाठ्यपुस्तकातल्या मराठी धड्यातून उचललेली, एवढं पुरे.

नववी-दहावीच्या मुलांसाठी इथेच एक सूचना. मराठी व्याकरणात ‘सीतेने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. पण म्हणून त्याचं इंग्रजी ‘द मँगो वॉज ईटन बाय सीता’ असं पॅसिव्हमध्ये करायचं नाही. साधं ‘सीता एट अ मँगो’. ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ हे समीकरण कित्येक मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं आणि त्यापायी त्यांची सरळ वाक्यंसुद्धा वाकडी होतात.

दुसरी पायरी: ‘मला’ची वाक्यं

या पायरीवर भरपूर वेळ द्या. मराठी बोलण्यात ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं डोंगराएवढी आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं होतं.

‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मला कैरी आवडते’ ही दोन वाक्यं पाहा. क्रियापद माझ्याप्रमाणे बदलत नाही, आंब्या-कैरीप्रमाणे बदलतं. मराठीच्या दृष्टीने मी फक्त ज्याला आवडतं तो, बाजूला उभा असलेला. इंग्रजी तसं चालू देत नाही. तिथे माणूस पुढे येतो आणि स्वतः कर्ता होतो: ‘आय लाइक मँगोज’. हे उमगलं नाही की मूल ‘टू मी मँगो लाइक’ असं काहीतरी लिहितं, आणि आपण ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारतो. पण का चूक ते त्याला कळत नाही.

या वाक्यांच्या जोड्या वहीच्या एका पानावर लिहून ठेवा. भूक लागली आहे: ‘आय ॲम हंग्री’. सर्दी झाली आहे: ‘आय हॅव अ कोल्ड’. दोन बहिणी आहेत: ‘आय हॅव टू सिस्टर्स’. पोहता येतं: ‘आय कॅन स्विम’. घरी जायचं आहे: ‘आय वॉन्ट टू गो होम’. अभ्यास करावा लागतो: ‘आय हॅव टू स्टडी’. माहीत नाही: ‘आय डू नॉट नो’. राग आला: ‘आय गॉट अँग्री’. सगळीकडे मराठीत ‘मला’, सगळीकडे इंग्रजीत ‘आय’. बदलतं ते पुढचं क्रियापद. हे पान पाठ करायचं नाही. ‘मला’च्या जागी ‘तिला’, ‘आम्हाला’, ‘रोहनला’ घालून तीच वाक्यं पुन्हा करायची. ‘शी इज हंग्री’, ‘वी आर हंग्री’, ‘रोहन हॅज अ कोल्ड’. तोंडी केली तरी चालतील, अंथरूण घालता घालता, शाळेत जाता जाता.

याच्याच शेजारची गोष्ट म्हणजे कर्ताच नसलेली मराठी वाक्यं. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ यात तू नाही, मी नाही, तरी सगळं कळतं, कारण क्रियापदाच्या शेपटीतच माणूस दडलेला असतो. इंग्रजी क्रियापदाला तशी शेपटी नाही, म्हणून कर्ता लिहावाच लागतो. खरा कर्ता नसला तरी जागा भरायला एक शब्द हवाच. ‘उकडतंय’ म्हणायचं तर ‘इट इज हॉट’. ‘उशीर झाला’ तर ‘इट इज लेट’. पाऊस पडत असेल तर ‘इट इज रेनिंग’. आणि काहीतरी कुठेतरी आहे असं सांगायचं असेल तर ‘देअर इज अ लिझर्ड ऑन द वॉल’. ही ‘इट’ आणि ‘देअर’ची वाक्यं मुलांच्या निबंधात फार कमी दिसतात. मराठीत त्यांना जोड नाही, म्हणून ती सुचतच नाहीत. मुद्दाम वापरायला लावा.

तिसरी पायरी: काळाची खूण एकदाच

आता ‘डिड नॉट वेन्ट’कडे वळू.

मराठीत ‘तो गेला नव्हता’ म्हणताना ‘गेला’ही भूतकाळी आणि ‘नव्हता’ही भूतकाळी. दोन्ही शब्द एकाच वेळी काळ, लिंग आणि वचन दाखवतात. ती असेल तर ‘गेली नव्हती’, ते असतील तर ‘गेले नव्हते’. ही सवय इतकी मुरलेली असते की इंग्रजीतही मूल दोन्ही शब्दांना भूतकाळ लावतं. इंग्रजीचं तसं नाही. एका तिकिटावर कंडक्टर एकदाच पंच मारतो, तशी एका क्रियापद-जोडीवर काळाची खूण एकदाच पडते आणि ती पहिल्या शब्दावर पडते. ‘डिड’ने भूतकाळ दाखवून झाला, म्हणून पुढे ‘गो’ मूळ रूपात. ‘डज’मध्ये ‘एस’ येऊन गेला, म्हणून ‘शी डज नॉट गो’. ‘गोज’ची गरज उरली नाही.

हे एक तत्त्व पक्कं झालं की पुढच्या चार जोड्या सोप्या होतात. अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवाव्यात अशा आहेत:

ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांच्यापुढे ‘इंग’वालं रूप: ‘शी इज रीडिंग’.

हॅव, हॅज, हॅड यांच्यापुढे तिसरं रूप (राइट, रोट, रिटन यांतलं ‘रिटन’): ‘शी हॅज रिटन’.

डू, डज, डिड यांच्यापुढे मूळ रूप: ‘शी डिड नॉट राइट’.

विल, कॅन, मे, मस्ट, शुड, वुड यांच्यापुढे मूळ रूप: ‘शी कॅन राइट’.

पहिल्या जोडीतल्या शब्दांपुढे तिसरं रूप आलं तर ते पॅसिव्ह होतं. ते नंतर, नववीच्या सुमाराला पाहिलं तरी चालेल. पाचवी-सहावीच्या मुलाला या चार ओळी बिनचूक आल्या तर त्याच्या लिहिण्यातल्या बऱ्याच चुका तिथेच गळून पडतात. ‘आय ॲम गो’, ‘ही कॅन गोज’, ‘शी हॅज रोट’ या सगळ्या याच चार ओळींपैकी कुठली तरी मोडल्याने होतात.

सरावाची पद्धत साधी आहे. एकच वाक्य घ्यायचं आणि ते सगळ्या रूपांतून फिरवायचं. ‘शी गोज टू स्कूल.’ नकार: ‘शी डज नॉट गो टू स्कूल.’ प्रश्न: ‘डज शी गो टू स्कूल?’ प्रश्नशब्द लावून: ‘व्हेन डज शी गो टू स्कूल?’ मग काल: ‘शी वेन्ट टू स्कूल’, ‘शी डिड नॉट गो’, ‘डिड शी गो?’ मग उद्या: ‘शी विल गो’, ‘शी विल नॉट गो’, ‘विल शी गो?’ ‘गोज’मधला ‘एस’ नकारात ‘डज’मध्ये कसा सरकला, ‘वेन्ट’मधला भूतकाळ ‘डिड’मध्ये कसा गेला, ते बोटाने दाखवा. मुलांना हे सरकणं दिसलं की डोळे चमकतात, कारण पहिल्यांदाच नियमाच्या मागचं कारण हाती लागतं. दुसऱ्या दिवशी दुसरं क्रियापद. ‘ईट’, ‘राइट’, ‘टेक’, ‘ब्रिंग’, असं करत महिनाभरात नेहमीची अनियमित रूपं वाक्यांमधून तोंडात बसतात. तक्ता घोकावा लागत नाही.

प्रश्नांचा क्रमही इथेच समजून घ्यावा. मराठीत ‘तू कुठे चालला आहेस?’ यात ‘तू’ला हलवावं लागत नाही. इंग्रजीत प्रश्नशब्द, मग सहायक क्रियापद, मग कर्ता, मग मुख्य क्रियापद: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ मुलं ‘व्हेअर यू आर गोइंग?’ म्हणतात ते मराठीच्या वळणाने. पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो: ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग’. दहावीच्या मुलांनी हा फरक नक्की घोटवावा. बोलतानासुद्धा तो पटकन लक्षात येतो.

चौथी पायरी: काळ निवडणं

रूप बनवता येणं वेगळं आणि कुठलं रूप घ्यायचं हे कळणं वेगळं. सुदैवाने मराठी बऱ्याच ठिकाणी साथ देते. ‘मी जातो’ म्हणजे ‘आय गो’, ‘मी जात आहे’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’, ‘मी गेलो’ म्हणजे ‘आय वेन्ट’, ‘मी गेलो होतो’ म्हणजे बहुधा ‘आय हॅड गॉन’. जिथे साथ सुटते तेवढ्या जागा लक्षात ठेवाव्यात.

पहिली जागा ‘पासून’ची. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो.’ मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत तेव्हा सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट वेगळ्या रूपात जाते: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. शिवाय आपलं एकच ‘पासून’ इंग्रजीत दोन वाटांनी जातं. किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’, केव्हापासून ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’. ‘फॉर टू डेज’, पण ‘सिन्स मंडे’. ‘सिन्स टू डेज’ ही चूक मोठी शिकलेली माणसंही करतात.

दुसरी जागा ‘काल’ची. ‘तो सिनेमा मी कालच पाहिला आहे’ हे मराठीत अगदी सहज चालतं. इंग्रजीत काल, परवा, गेल्या वर्षी, १९४७ साली असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ बाहेर जातो आणि साधा भूतकाळ येतो: ‘आय सॉ इट येस्टरडे’. दिवस सांगायचा नसेल तर मात्र ‘आय हॅव सीन इट’.

तिसरी जागा ‘इंग’च्या मोहाची. माहीत असणं, आवडणं, हवं असणं, समजणं, जवळ असणं ही क्रियापदं सहसा ‘इंग’मध्ये जात नाहीत. ‘आय ॲम नोइंग हिम’ आणि ‘आय ॲम हॅविंग अ सायकल’ ही भारतीय वर्गातली जुनी वाक्यं आहेत. ‘आय नो हिम’, ‘आय हॅव अ सायकल’.

पाचवी पायरी: अ, ॲन, द

मराठीत आर्टिकल नाही, असं म्हणून शिक्षक सुरुवात करतात आणि मुलं तिथेच घाबरतात. मी गोष्टीपासून सुरुवात करते. ‘एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा ‘एक’, ओळख झाल्यावर ‘त्या’. हेच इंग्रजीचं ‘अ’ आणि ‘द’: ‘देअर वॉज अ किंग. द किंग हॅड टू क्वीन्स.’ ऐकणाऱ्याला नवं असेल तर ‘अ’, दोघांनाही माहीत असेल तर ‘द’. फरक इतकाच, की मराठीत ‘एक’ आणि ‘त्या’ गाळले तरी चालतं, इंग्रजीत नाही.

त्यावरून एक कामाचा नियम निघतो. मोजता येणारी एकच वस्तू इंग्रजी वाक्यात उघडी ठेवायची नाही. ‘आय सॉ डॉग’ नाही. ‘अ डॉग’, ‘द डॉग’, ‘माय डॉग’, ‘दॅट डॉग’, काहीतरी पुढे लागलंच पाहिजे. लिहून झाल्यावर अशा उघड्या नामांवर बोट ठेवत जायचं. दूध, पाणी, तांदूळ, माहिती, सल्ला हे मोजता न येणारे. त्यांच्यापुढे ‘अ’ लागत नाही आणि ‘इन्फॉर्मेशन्स’, ‘ॲडव्हायसेस’ असं अनेकवचनही होत नाही.

‘ॲन’ उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही. ‘अवर’ म्हणजे तास, त्यातला ‘एच’ तोंडात येत नाही, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ ‘यू’ अक्षराने सुरू होते, पण उच्चार ‘य’चा, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘ॲन एमएलए’, कारण तोंड ‘ए’ने उघडतं. शब्द देवनागरीत लिहून पाहिला की हे पटकन कळतं: पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’.

सहावी पायरी: वाक्यं जोडणं

लहान वाक्य लाजिरवाणं नसतं, हे मुलांना आधी सांगा. निबंधात लांबलचक वाक्य लिहिलं की भाषा चांगली दिसते असा समज असतो आणि त्यात कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे राहतं. एका वाक्यात एक गोष्ट. दोन जोडायच्या असतील तर एकच जोडणारा शब्द.

तो एकच का, ते पाहा. ‘जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही गेलो.’ मराठीत जोडी लागते, जरी आणि तरी. मूल म्हणून लिहितं, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’. इंग्रजीत ‘ऑल्दो’ आलं की ‘बट’ नको. ‘बट’ घ्यायचं तर ‘ऑल्दो’ नको. ‘आजारी असल्याने… म्हणून’ याचंही तसंच: ‘बिकॉज’ किंवा ‘सो’, दोन्ही नाही. आणि ‘जो मुलगा खिडकीजवळ बसला आहे, तो माझा भाऊ आहे’ या जो-तो वाक्यात इंग्रजी ‘तो’ गाळते आणि ‘जो’चा भाग मुलाला लगेच चिकटवते: ‘द बॉय हू इज सिटिंग नियर द विंडो इज माय ब्रदर’. हे शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून ‘हू’पासून ‘विंडो’पर्यंतचा भाग हाताने झाकून दाखवा. उरतं ‘द बॉय इज माय ब्रदर’. सांगाडा दिसला की मोठं वाक्य वाचतानाही भीती वाटत नाही.

विरामचिन्हांबद्दल थोडं. मराठीत ती रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं, म्हणजे पूर्णविराम आणि स्वल्पविराम मुलांना ओळखीचेच आहेत. नवीन असतात ती मोठी अक्षरं, कारण देवनागरीत लहान-मोठं असा भेदच नाही. वाक्याचं पहिलं अक्षर, माणसांची आणि गावांची नावं, वार, महिने, आणि स्वतःसाठीचा ‘आय’ हे सगळं मोठ्या लिपीत. आणखी एक: पूर्ण झालेली दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची नाहीत. पूर्णविराम द्यावा नाहीतर ‘अँड’ घालावा.

शब्दयोगी अव्ययांवर, म्हणजे इन-ऑन-ॲटवर, सुरुवातीला फार वेळ घालवू नका. वेळेसाठी एवढं पुरे: घड्याळाला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि सालाला ‘इन’. बाकीची वाचनातून येतात. ‘गो होम’मध्ये ‘टू’ नाही, ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नाही, ‘टेल’पुढे ‘टू’ नाही पण ‘से’पुढे आहे, अशा जोड्या भेटतील तशा टिपून ठेवायच्या.

एक उतारा चार फेऱ्यांत

सहलीवरचा एक उतारा घेऊ. वर्गात जशा चुका होतात तशाच मी यात एकत्र केल्या आहेत.

‘येस्टरडे वी वेअर वेन्ट टू रायगड. इन मॉर्निंग सीटेड इन बस. ऑल्दो रेन वॉज फॉलिंग बट वी क्लाइंब्ड फोर्ट. देअर टीचर टोल्ड टू अस अबाउट शिवाजी महाराज. आय व्हेरी लाइक दॅट फोर्ट.’

एकदम सगळं सुधारायला बसू नका. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं. ‘वेअर वेन्ट’ यात भूतकाळाची खूण दोनदा पडली, म्हणून ‘वेन्ट’. बसमध्ये चढलो याला ‘गॉट ऑन’. शेवटी ‘लाइक’ऐवजी ‘लाइक्ड’, कारण सगळी हकीकत कालची. दुसऱ्या फेरीत फक्त कर्ते. दुसऱ्या वाक्यात कर्ताच नाही, तिथे ‘वी’. पाऊस पडत होता, तिथे ‘इट वॉज रेनिंग’. तिसऱ्या फेरीत उघडी नामं: ‘द मॉर्निंग’, ‘द बस’, ‘द फोर्ट’, ‘अवर टीचर’. चौथ्या फेरीत जोडणी आणि किरकोळ शब्द: ‘बट’ काढायचा, ‘टोल्ड’नंतरचा ‘टू’ काढायचा, ‘व्हेरी’ला ‘मच’ जोडून शेवटी न्यायचं.

‘येस्टरडे वी वेन्ट टू रायगड. वी गॉट ऑन द बस इन द मॉर्निंग. ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी क्लाइंब्ड द फोर्ट. देअर अवर टीचर टोल्ड अस अबाउट शिवाजी महाराज. आय लाइक्ड द फोर्ट व्हेरी मच.’

आता या व्याकरणशुद्ध उताऱ्यात जीव आणण्यासाठी एक खरी माहिती घालू: ‘ही वॉज क्राउन्ड देअर इन १६७४.’ पॅसिव्ह इथे शोभतं, कारण राज्याभिषेक कोणाचा झाला हे महत्त्वाचं, तो कोणी केला हे या वाक्यात सांगायचं नाही. पॅसिव्ह कधी वापरावं याचं उत्तर नियमांच्या यादीपेक्षा असं एखादं वाक्य चांगलं देतं.

चार फेऱ्यांची ही सवय परीक्षेतही उपयोगी पडते. दहावीच्या कृतिपत्रिकेत पत्र किंवा उतारा लिहून झाल्यावर शेवटची काही मिनिटं राखून ठेवायची आणि आपल्याच लिखाणावरून चारदा नजर फिरवायची, दर वेळी एकाच गोष्टीसाठी. एकाच वाचनात सगळं शोधू गेलं की डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि चूक निसटते.

रोजची वीस मिनिटं

बालभारतीची सगळी पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. मुलाच्या इयत्तेपेक्षा दोन इयत्ता खालचं इंग्रजी पुस्तक घ्या. सातवीतल्या मुलाने पाचवीचं वाचावं, त्यात कमीपणा नाही. शब्दांपाशी अडखळायला होत नाही तेव्हाच वाक्याची बांधणी लक्षात येते. पाच मिनिटं मोठ्याने वाचन. पाच मिनिटं त्यातली चार-पाच वाक्यं ऐकून लिहिणं. आई-बाबा, भावंडं किंवा मोबाइलवर स्वतःच ध्वनिमुद्रित केलेला आवाज, कोणीही सांगितलं तरी चालेल. लिहून झालं की पुस्तकाशी ताडून पाहायचं. आर्टिकल कुठे सुटलं ते इथे हमखास दिसतं. पाच मिनिटं एक वाक्य सगळ्या रूपांतून फिरवणं. आणि शेवटची पाच मिनिटं आजच्या दिवसाबद्दल तीन वाक्यं, स्वतःची.

चुकांची एक वेगळी वही ठेवा. डावीकडे आपण लिहिलेलं मराठी वाक्य, उजवीकडे सुधारलेलं इंग्रजी, आणि खाली एका ओळीत चूक कोणत्या जातीची ते: क्रियापद, कर्ता, आर्टिकल की जोडणी. चुकीचं इंग्रजी वाक्य त्या वहीत लिहायचं नाही, नाहीतर डोळ्याला तेच बसतं. दर रविवारी उजवी बाजू झाकून डावीकडची वाक्यं पुन्हा इंग्रजीत करायची. जी तीन आठवडे बरोबर येतील त्यांवर काट मारायची.

गाइडमधली तयार पत्रं आणि निबंध पाठ करण्यात हे वीस मिनिटांचं भांडवल घालवू नका. पाठ केलेल्या निबंधातला विषय थोडा बदलला की मूल कोरा कागद घेऊन बसतं. स्वतः बांधलेली सहा साधी वाक्यं त्याला कुठल्याही विषयावर पुरतात.

ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांनी मागे सरू नये. मुलाने लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्याच्याकडून मराठीत सांगून घ्या आणि तीनच प्रश्न विचारा: यात काम कोणतं, ते कोण करतंय, आणि हे कधीचं? मग इंग्रजी वाक्यात त्या तिन्ही गोष्टींवर त्याला बोट ठेवायला सांगा. बोट जिथे अडखळेल तिथे चूक आहे, आणि पुष्कळदा ती मुलाला स्वतःलाच सापडते. सापडली नाही तर त्या वाक्यापुढे खूण करून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायला पाठवा. ‘इंग्रजी जमत नाही’ असं घेऊन येणाऱ्या मुलाला काय सांगावं हे आम्हाला कळत नाही. एक वाक्य घेऊन येणाऱ्या मुलाला ते मधल्या सुट्टीतही समजावून देता येतं.